शिरे नदीकाठी आण्याची आमटी

आण्याच्या स्टँडवर मला निरोप द्यायला जमलेली गर्दी पाहून एसटीच्या कंडक्टरने खिडकीतून विचारलं, "कुनी वारलं का राव?" त्याची चूक नव्हती. पन्नासेक माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि मधोमध मी. गळ्यात तीन हार, पायात नवे बूट आणि हातात पासपोर्ट. पासपोर्ट ठेवायला पिशवी होती, पण मग तो लोकांना दिसला कसा असता?

मी आणे गावचा दत्तात्रय, गावात दत्तूभाऊ. वय त्रेपन्न. आळेफाट्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. विमान तोपर्यंत मी फक्त शेतात उभं राहून, मान वर करून पाहिलं होतं. अशा माणसाला आफ्रिकेतल्या मलावी देशात, पुराने घरं नेलेल्या लोकांची सेवा करायला कुणी नेलं? तर आमटीने.

आमच्या भागातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगतो. आमच्या यात्रेत हजारो माणसं एका जागी जेवतात. भाकरी आजूबाजूच्या गावांतून येते, प्रत्येक घरातून. आमटी आमच्याकडे शिजते, माणूस आत उभा राहील एवढ्या लोखंडी कढयांत. आणि कामं घराघरांत वाटलेली आहेत. कुणाकडे सरपण, कुणाकडे पाणी, कुणाकडे मसाला. आमच्या घराकडे कढई आणि उलथणं. नामदेव तात्यांच्या घराकडे मीठ. तात्या पाटीतून ओंजळ भरून घेतात, कढईभोवती फेरी मारत ज्या गावांच्या भाकरी आल्या त्यांची नावं मोठ्याने पुकारतात आणि एकेका नावाला मीठ सोडतात. त्यांच्या मिठाला मी हात लावत नाही, माझ्या उलथण्याला ते लावत नाहीत. आमटी कुणीही चाखत नाही, कारण ती आधी देवाची. आणि कढईवाला शेवटची पंगत उठल्याशिवाय जेवत नाही. एका वर्षी माझे वडील तापाने फणफणले होते, तरी शेवटचा माणूस हात धुवून जाईपर्यंत त्यांनी घास घेतला नव्हता. हे मी आजवर किमान शंभर जणांना ऐकवलं असेल.

यात्रेत औषधोपचाराच्या तंबूत दरवर्षी फरीदा मॅडम असतात. जुन्नरच्या बांगडीवाल्यांच्या घरातली मुलगी, पुण्यात नर्स आहे आणि पुण्याच्याच एका संस्थेबरोबर देशोदेशी मदतीला जाते. एके दिवशी दुकानात फोन आला, "भाऊ, पासपोर्ट काढा. मलावीत तीनशे मानसांचं रांधायचंय, रोज, तीन आठवडं. तुमच्याबिगर दुसरं कोन आठवंना." मी हो म्हणालो आणि मग मलावी कुठे आहे ते विचारलं.

गावाने माझा मान ठेवला. घराघरातून मूठमूठ काळा मसाला गोळा झाला, आठ किलो भरला. फक्त नामदेव तात्यांनी मसाला दिला नाही. ते स्टँडवर आले ते मिठाची पिशवी घेऊन.

"हे ऱ्हाऊ दे संगं," ते म्हणाले.

"तात्या, तिकडं मीठ मिळत न्हाई व्हय? समुद्र हाय की त्यांच्याकडं बी."

समुद्र त्यांच्याकडे नाही हे मला नंतर कळलं. लोक हसले. तात्या पिशवी काखोटीला मारून घरी गेले. माझी बायको मंदा म्हणाली, "घ्यायची की. म्हाताऱ्याचं मन मोडलं." मी ऐकलं नाही, मी त्या वेळी हार सावरत होतो.

मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून ब्लॅन्टायर. विमानातलं काय सांगू? चढताना पोट खाली राहिलं आणि उतरताना वर. खिडकीतून पाहिलं तर लाल माती, हिरवी झाडी, मध्येच टेकड्या. "मॅडम, हे तर आपल्या आणे-माळशेजच्या रस्त्यासारखंच दिसतंय," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "भाऊ, एवढं लांब आलाय, थोडं तरी येगळं दिसू द्या."

ब्लॅन्टायरचं विमानतळ आळेफाट्याच्या स्टँडहून शांत निघालं. तिथल्या अधिकाऱ्याने माझी पिशवी उघडायला लावली. आत आठ किलो काळी पूड. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"व्हॉट इज धिस?"

"मसाला, सर. व्हिलेज मसाला."

त्याने पिशवीचं तोंड सोडून नाक जवळ नेलं. व्हायचं तेच झालं. तो शिंकला, मग त्याच्या शेजारचा, मग आमच्यामागची सगळी रांग. डोळे पुसत पुसत त्याने कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, "वेलकम टू मलावी." आण्याच्या मसाल्याने एका देशाच्या सरकारी माणसाच्या डोळ्यांत पाणी आणलं, ह्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

बाहेर ग्रेस बाई उभ्या होत्या. ज्या शाळेत पूरग्रस्तांचं शिबिर होतं तिथल्या शिक्षिका. चाळिशीच्या, उंच, हसल्या की चार माणसं वळून बघतील असं हसू. "मुली ब्वांजी?" (कसे आहात?) म्हणत त्यांनी उजवा हात पुढे केला आणि डावा हात उजव्या कोपराला लावला. मी चमकलो. आपणही तीर्थ घेताना उजव्या हाताला डावा लावतोच. तिकडे ती साध्या भेटीची रीत आहे, मोठ्यांशी अदबीने वागायची. मीही तसाच हात दिला आणि पहिल्याच मिनिटाला वाटलं, जमेल आपलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सायकली, एकेकीवर तीन तीन माणसं आणि वर कोंबड्या. आंब्याची झाडं तर आमच्या पठाराने हेवा करावा अशी. आणि मग एका वळणावर मी ओरडलो, "थांबवा, थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं काही आडवं आलं. मी खाली उतरून शेतात घुसलो. तूर! डोक्याइतकी उंच वाढलेली, हिरवीगार तूर.

"नांदोलो," ग्रेस बाई मागून म्हणाल्या. त्यांच्याकडे तुरीला नांदोलो म्हणतात. त्यातली बरीचशी डाळ तुमच्याच देशात जाते, असंही त्यांनी सांगितलं. मी त्या शेंगांना हात लावून उभा राहिलो. आमटीला डाळ कुठली मिळेल या काळजीने मी दोन रात्री झोपलो नव्हतो, आणि इथे तर तिचं माहेरच निघालं.

दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि भोपळ्याच्या पानांची भाजी खाल्ली. न्सिमा हाताने तोडून, बोटांनी वळून, भाजीत बुडवून खायचा. घाईने हात घातला आणि चारही बोटं भाजून घेतली. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मला फुंकर मारून दाखवली, जणू मी दोन वर्षांचा होतो. चव चांगली होती. न्सिमा भाकरी नव्हे, पण भाकरीची चुलतबहीण नक्की.

मग घाट उतरून शिरे नदीच्या खोऱ्यात आलो. हवा तापली, जमीन सपाट झाली, आणि गोरखचिंचेची अजस्र झाडं दिसू लागली. मक्याची शेतं चिखलात आडवी पडलेली. घरांच्या जागी नुसते उंबरे. चिकोंडे गावच्या त्या शाळेच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. पाणी तिथवर आलं होतं. आम्ही पठारावरची माणसं जन्मभर पाण्याच्या टँकरची वाट बघत आलो, आणि यांचं सगळं पाण्यानेच नेलं.

पटांगणात ताडपत्र्यांची पालं होती. पालांपुढे बायका बसलेल्या. पोरं आमच्याभोवती जमली, पण ती पोरं हसताना बरगड्या मोजता येत होत्या. फरीदा मॅडमनी सगळ्यांची वजनं केली आणि वही मिटून माझ्याकडे आल्या.

"भाऊ, एक गोष्ट सांगते. तुमाला आधी सांगितली न्हाई, तुमी आलाच नसता. मागं कुनीतरी शिजवलेलं अन्न ट्रकातनं आनून वाटलं व्हतं. ते नासलेलं निघालं. लई लोक आजारी पडले. तवापासनं परक्याच्या हातचं शिजवलेलं ही मानसं तोंडात घेत न्हाईत. कोरडा शिधा घेत्यात, पन त्यात नुसतं पीठ. पोरांना डाळ पायजे."

"मग?"

"संस्थेनं एकच संधी दिली. उद्या लोक जेवले तर तीन आठवडं चूल चालंल. न्हाई जेवले, तर बिस्किटाचे पुडे वाटायचे आन परवा परत."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मॅडम, आण्याची आमटी आजवर कुनी परत पाठवली न्हाई."

सकाळी मी ग्रेस बाईंना गाठलं. माझं इंग्रजी म्हणजे मोटारीच्या पार्टांची नावं, पण मी हातवारे करून सांगितलं, आमच्यात आमटी एकाची आणि भाकरी घरोघरची. तर प्रत्येक पालातल्या बाईने आपल्या शिध्यातल्या पिठाचा न्सिमा करून आणावा. फरीदा मॅडम म्हणाल्या, "आवं, मदतीला आलोय आपन, आन त्यांनाच आना म्हनायचं?" पण ग्रेस बाईंचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, "एवढ्या दिवसांत आमच्याकडे पहिल्यांदाच कुणीतरी काही मागतंय."

शाळेच्या मागे तीन दगडांच्या चुली मांडल्या. लोखंडी कढई नव्हती, ॲल्युमिनियमची चार मोठी पातेली होती. बुडाला लागू नये म्हणून मी एका पातेल्यावरून दुसऱ्याकडे पळत होतो. डाळ शिजली, फोडणी झाली, गावाचा मसाला पडला, आणि तो वास सुटला. घामाने अंग निथळत होतं आणि मी खुशीत होतो. हजारो मैलांवर असल्यासारखं वाटत नव्हतं. वाटीभर आमटी काढून मी गावच्या देवाच्या फोटोपुढे ठेवली, हात जोडले.

"भाऊ, जरा चाखून तरी बघा," फरीदा मॅडम म्हणाल्या.

"आमच्यात चाखत न्हाईत."

पटांगणात रांगा करून सगळ्यांना बसवलं. अशी पंगत त्या शाळेने कधी पाहिली नसेल. बायकांनी आपापला न्सिमा आणला, वाटला. मी बादली आणि डाव घेऊन स्वतः आमटी वाढली. शेवटच्या ताटापर्यंत गेलो, मागे वळून पाहिलं.

कुणीही जेवत नव्हतं.

तीनशे माणसं, समोर वाफाळती आमटी, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला वाटलं, लाजतायत. आपल्याकडे पाहुणा लाजला की आपण काय करतो? आग्रह. मी बादली उचलली आणि "घ्या, घ्या, लाजू नका" म्हणत पुन्हा वाढत सुटलो. जेवढा मी आग्रह करावा तेवढी माणसं मागे सरकायला लागली. एका आईने पोराचा ताटाकडे गेलेला हात मागे ओढला.

पहिल्या रांगेत एक आगोगो (आजी) बसल्या होत्या, नाव एस्तेर. मांडीवर नात. त्या ग्रेस बाईंना काहीतरी म्हणाल्या.

"त्या विचारतात, स्वयंपाकी का जेवत नाही?"

मी सांगितलं, आमच्यात शिजवणारा सगळ्यांच्या शेवटी जेवतो. तो मान आहे. ग्रेस बाईंनी ते सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं आणि उत्तर दिलं. ग्रेस बाई जरा अडखळल्या, मग म्हणाल्या, "आमच्यात वाढणारा आधी स्वतः खातो. म्हणजे अन्नात काही काळंबेरं नाही हे कळतं. जो शेवटी खाईन म्हणतो, त्याचीच आम्हाला भीती वाटते."

मी बादली खाली ठेवली. तीस वर्षं जे मी छाती फुगवून सांगत होतो, तेच ह्या माणसांना भय घालत होतं. वडील आठवले, तापाने थरथरत उभे असलेले. त्यांचा नेम मोडायचा? पण देवाला नैवेद्य दाखवून झाला होता. आणि ह्या पोरांना उपाशी उठवून मी गावच्या देवाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो की नेम पाळला म्हणून? मी चप्पल काढली, एस्तेर आजींच्या शेजारी मांडी घातली, त्यांच्या ताटातला न्सिमा तोडला, वळला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला.

काहीतरी चुकलं होतं. वाटलं, दमलोय, तोंडाला चव नाही. दुसरा घास घेतला. आणि मग मला आण्याच्या स्टँडवर पिशवी काखोटीला मारून जाणारे नामदेव तात्या दिसले.

"काय झालं भाऊ?" फरीदा मॅडम धावत आल्या.

"मीठ न्हाई."

"काय?"

"मीठच टाकलं न्हाई, मॅडम. मीठ तात्या टाकत्यात."

त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! आवं, तात्या आन्यात हायेत, भाऊ!"

खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की गप्प बसावं. छान, छान म्हणून मान डोलवावी. पण एस्तेर आजी एक वीत अंतरावरून माझा चेहरा वाचत होत्या, आणि त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. तीस वर्षं कढई चालवणाऱ्या माणसाला मीठ आठवलं नाही, कारण ते आजवर कधी त्याचं कामच नव्हतं. मी ग्रेस बाईंना विचारलं, मीठ नाही याला तुमच्यात काय म्हणतात? आणि उठून उभा राहिलो.

"पालिबे म्चेरे!" (मीठ नाही!) मी तीनशे माणसांना हात जोडून ओरडून सांगितलं.

आधी एस्तेर आजी हसल्या. दात फारसे नव्हते, पण हसू पोटातून आलं. मग पहिली रांग, मग दुसरी, मग सगळं पटांगण. पूर आल्यापासून ही माणसं अशी हसलेली पाहिली नव्हती, असं ग्रेस बाईंनी नंतर सांगितलं. हसता हसता आजींनी माझ्याकडे बोट दाखवून लोकांना काहीतरी सांगितलं आणि चितेंजेच्या (कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडाच्या) टोकाची गाठ सोडली. गाठीत मीठ होतं. पुरातून निघताना एवढंच हाती लागलं होतं म्हणे. त्यांनी चिमूटभर आपल्या ताटात टाकलं, चिमूटभर माझ्या बादलीत. मग बायका उठल्या, आपापल्या पालाकडे गेल्या आणि मुठी मिटून परत आल्या. कुणी पातेल्यात टाकलं, कुणी ताटातून चिमूट चिमूट फिरवलं. आमच्या घराघरातून मसाला आला होता तसंच. मी पातेली ढवळत होतो आणि डोळे पुसत होतो, आणि या वेळी मसाल्याने नव्हे.

आणि मग ती माणसं जेवली. पोरांनी ताटं चाटली, मोठ्यांनी पुन्हा मागितली. पातेली खरवडावी लागली.

संध्याकाळी मी ग्रेस बाईंना विचारलं, आजी माझ्याकडे बोट दाखवून काय म्हणाल्या होत्या? त्या म्हणाल्या, "त्या म्हणाल्या, जेवा. काळंबेरं करणारा माणूस मीठ विसरत नाही."

तीन आठवडे चूल चालली. रोज वाढून झालं की पहिला घास मी घ्यायचो, आणि मीठ रोज एस्तेर आजी टाकायच्या. दुसऱ्या आठवड्यात चार बायका आमटी रांधायला शिकल्या. शेवटच्या आठवड्यात मला नुसतं बसवून ठेवलं. पोरांची वजनं वाढली हे फरीदा मॅडमनी वही उघडून मला दोनदा दाखवलं आणि मी तिसऱ्यांदा मागितलं. निघताना आजींनी एक चितेंजे माझ्या हातात दिलं, उजव्या हाताने, डावा हात कोपराला लावून. टोकाला गाठ होती. प्रत्येक पालातलं चिमूटभर मीठ. मी तसाच हात धरून ते घेतलं आणि म्हणालो, "झिकोमो" (आभारी आहे). त्याहून जास्त शब्द मला येत नव्हते.

परतीच्या विमानात मी ठरवलं होतं की गावात सांगताना मिठाचा भाग गाळायचा. मसाला, शिंका, पंगत, ढेकर, बस्स. आण्याच्या स्टँडवर पुन्हा हार, पुन्हा गर्दी. सगळ्यांत मागे तात्या. देवळाच्या ओट्यावर मला बसवून लोक म्हणाले, "सांग राव, आमटी कशी झाली?" मी तोंड उघडलं आणि खांद्यावरच्या चितेंजेच्या गाठीला हात लागला. मग सगळंच सांगितलं. लोक हसून लोळले. तात्या हसले नाहीत. मी उठून त्यांच्या हातात गाठीसकट ते चितेंजे दिलं. त्यांनी गाठ सोडली, पाहिलं, पुन्हा घट्ट बांधली.

"यात्रंला काढू," एवढंच म्हणाले.

मी सेवा करायला गेलो होतो, निदान असं सांगून गेलो होतो. आता कुणी विचारलं तर सांगतो, जेवून आलो. माझ्या गावाचा मला आधीही अभिमान होता, पण तो आम्ही इतरांना खाऊ घालतो म्हणून. आता वाटतं, आमच्या आमटीत ज्यांनी आपली चिमूट टाकली ती माणसंही आमची, आणि त्यांचाही तेवढाच अभिमान वाटतो.

यंदाच्या यात्रेत आमटीला उकळी फुटली तेव्हा तात्या पाटी घेऊन आले. वर ते चितेंजे होतं. त्यांनी गाठ सोडून मीठ पाटीतल्या मिठात मिसळलं आणि फेरी सुरू केली. "आणे! पेमदरा! नळवणे! शिंदेवाडी!" एकेका नावाला ओंजळ. सगळी गावं पुकारून झाली तरी एक ओंजळ हातात राहिली. ते माझ्याजवळ येऊन थांबले.

"त्या गावाचं नाव काय रं?"

मी सांगितलं. सत्तरीतल्या त्या म्हाताऱ्याने ओंजळ कढईवर धरली आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल असं पुकारलं, "चिकोंडे!"

मी उलथणं फिरवलं. जेवलो मात्र शेवटच्या पंगतीनंतरच, आणि मीठ बरोबर होतं.